भुरकू आणि गारठलेलं अंडं

एक होतं खोकं. खोक्यात होता भुसा. भुशात होतं एक अंडं. आणि अंड्याला टेकून बसला होता भुरकू.

भुरकू म्हणजे कोंबडीचं पिल्लू. कालच बाहेर आलेलं. एवढंसं! तुमच्या मुठीत मावेल एवढंसं.

अंड्यात होती त्याची बहीण. ती आतून चोच मारत होती. टक टक टक!

त्यांची आई मोठी भटकी. अंड्यांवर बसेचना. म्हणून सगुणाकाकूने खोक्यावर पिवळा दिवा टांगला होता. दिव्याची ऊब छान छान.

आणि एकदम... फुस्स! दिवा गेला.

भुसा गार. खोकं गार. अंडंही गार व्हायला लागलं. टक टक... टक.

भुरकू घाबरला. अंडं पार गारठलं तर? बहीण बाहेर येणारच नाही!

"दिवेदादा, दिवेदादा, ताप ना!
अंडं गारठतंय, टक टक थांबतंय!"

दिवा म्हणाला, "माझ्या पोटात बारीक तार. वाट अगदी अरुंद. वीज आली की मी तिला अडवतो. ती घासत घासत जाते, मग मी तापतो. पण वीजच नाही! तार वाहील, तर मी तापेन."

भुरकू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. तारेपाशी आला.

"तारताई, तारताई, वाहा ना!
दिवा तापेना,
अंडं गारठतंय, टक टक थांबतंय!"

तार म्हणाली, "माझी वाट मोकळी. पण मागून रेटणारं कोणी नको का? बॅटरी ढकलेल, तर मी वाहीन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. भुरकू बॅटरीपाशी आला.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, ढकल ना!
तार वाहेना, दिवा तापेना,
अंडं गारठतंय, टक टक थांबतंय!"

बॅटरी म्हणाली, "उपाशी पोटी जोर कुठून आणू? सकाळपासून काही मिळालं नाही. सोलर प्लेट ऊन पिईल, तर मी ढकलेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. भुरकू अंगणात आला. अंगणात सोलर प्लेट होती. पण प्लेट दिसेचना! तिच्यावर काय होतं, माहितेय?

पापड! गोल गोल, ओले ओले, उडदाचे पापड!

"प्लेटमावशी, प्लेटमावशी, ऊन पी ना!
बॅटरी ढकलेना,
तार वाहेना, दिवा तापेना,
अंडं गारठतंय, टक टक थांबतंय!"

प्लेट म्हणाली, "पिऊ कशी रे? काकूने माझ्यावर पापड घातलेत! सगळं ऊन पापडच खातात. काकू उठेल, पापड उचलेल, तर मी ऊन पिईन."

भुरकूने एक पापड ओढून पाहिला. हुं! पापड मोठा, भुरकू छोटा. पापड जागचा हलला नाही. आणि ऊन तर झाडामागे चाललं होतं!

टुणुक टुणुक टुणुक टुणुक! भुरकू धावत घरात गेला.

"काकू, काकू, ऊठ ना!
प्लेट ऊन पिईना, बॅटरी ढकलेना,
तार वाहेना, दिवा तापेना,
अंडं गारठतंय, टक टक थांबतंय!"

"अगं बया!" काकू म्हणाली. "प्लेट कशी छान सपाट, छान तापलेली. म्हटलं, पापड पटकन वाळतील. माझं मेलीचं डोकंच चाललं नाही! पण उठू कशी? मांडीवर बाळ आहे. खाली ठेवलं की भोकाड पसरतं. बाळ झोपेल, तर मी उठेन."

"बाळा, बाळा, झोप ना!
काकू उठेना,
प्लेट ऊन पिईना, बॅटरी ढकलेना,
तार वाहेना, दिवा तापेना,
अंडं गारठतंय, टक टक थांबतंय!"

बाळ रडलं, "ऊंऽऽ! मला उकडतंय! पंखा फिरेल, तर मी झोपेन."

भुरकूने मान वर केली. वर, खूप वर.

"पंखेकाका, पंखेकाका, फिर ना!
बाळ झोपेना, काकू उठेना,
प्लेट ऊन पिईना, बॅटरी ढकलेना,
तार वाहेना, दिवा तापेना,
अंडं गारठतंय, टक टक थांबतंय!"

पंखा म्हणाला, "मलाही वीजच लागते रे बाळा. तार वाहील, तर मी फिरेन."

तार? पुन्हा तार!

आली का पंचाईत! आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

भुरकूने कान दिला. खोक्यातून टक नाही. टुक नाही.

भुरकूला रडू आलं. खूप रडू आलं. त्याने पंख झटकले. फड!

बाळाच्या नाकावर वारा आला. एवढासा वारा. बाळ रडायचं थांबलं.

अरेच्चा!

भुरकूने पुन्हा पंख झटकले. फड फड! फड फड फड! पंख दुखले. फड फड फड! चोच सुकली. फड फड फड!

बाळाने जांभई दिली. बाळाचे डोळे मिटले.

बाळ झोपलं, काकू उठली.

काकूने पापड उचलले, बाजेवर घातले. भरभर भरभर! ऊन थोडंसंच उरलं होतं.

प्लेट ऊन प्यायली. गट गट गट!

बॅटरीचं पोट भरलं. तिने ढकललं. हेऽऽय हुप्!

तार वाहिली. सुर्र सुर्र सुर्र!

वीज दिव्यापाशी आली. दिवा म्हणाला, "थांब! पटकन जाऊ देणार नाही!"

"अरे दादा, अडवू नकोस!" खोक्यात परत आलेला भुरकू ओरडला.

"वेड्या, अडवलं नाही तर ऊब कुठून येणार?"

वीज दाटीवाटीने शिरली. घासत, रेटत, घासत, रेटत. दिवा झाला लाल. दिवा झाला पिवळा. दिवा तापला!

भुसा ऊन झाला. खोकं ऊन झालं. भुरकूने अंड्याला कान लावला.

काहीच नाही.

अजून काहीच नाही.

...टक.

टक टक! टक टक टक! खटॅक!

बाहेर आली एक चोच. मग एक डोळा. मग ओली ओली, कुडकुडणारी बहीण!

भुरकूचे पंख फार दुखत होते. तरी त्याने एक पंख उचलला. बहीण आत शिरली.

वर दिवा तापला, खाली पिल्लं निजली.
गोष्ट आमची ऊन ऊन, तुम्हीही निजा पांघरूण घेऊन.