गुरुजींनी आमेनची वाट पाहिली नाही

एकदा एक आचारी होता आणि त्याला आचारी राहायचं नव्हतं. यात नवल ते काय म्हणा! अर्ध्या जगाला स्वतःचं काम सोडून शेजाऱ्याचं काम हवं असतं. पण या आचाऱ्याचं दुखणं निराळं होतं. त्याला पगार कमी पडत नव्हता, धुराचा कंटाळा आला नव्हता, की कुणी त्याला टाकून बोललं नव्हतं. त्याला वाटत होतं, आपल्या हातून देवाचा अपराध घडतो आहे.

त्याचं नाव शीलास. नगरकडच्या एका गावात चर्चच्या आवाराला लागून मुलींचं बोर्डिंग होतं. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या चाळीसेक मुली तिथे राहत, आणि शीलास त्यांच्यासाठी दोन वेळचा स्वयंपाक करी. मुली त्याला मामा म्हणत.

त्याच्या जन्माच्या वेळी त्याची आई मरता मरता वाचली होती. अंगात जरा त्राण आल्यावर ती बाळाला घेऊन चर्चमध्ये गेली आणि भर मंडळीसमोर म्हणाली, "प्रभू, हा पोरगा तुझा. याला तुझ्या कामाला लाव." मंडळीनं आमेन म्हटलं. झालं! त्या दिवसापासून सगळे धरून चालले, की हा मोठा होऊन प्रचारक होणार, गावोगाव वचन सांगत फिरणार. पण माणूस एक योजतो आणि घडतं भलतंच. वडील लवकर गेले. आई याच बोर्डिंगात भाकऱ्या थापायची. तिच्या हातांनी साथ सोडली, तेव्हा शीलासनं 'चार दिवस सांभाळतो' म्हणून तिचं उलथनं हातात घेतलं. ते चार दिवस काही संपले नाहीत. आई मात्र गेल्या वर्षी गेली.

तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला. आईनं देवाला शब्द दिला होता आणि तो आपल्यापायी खोटा पडतो आहे. उद्या तिची गाठ पडली तर काय तोंड दाखवायचं? 'मला पाचारण झालं होतं, पण मी आमटीला फोडणी देत बसलो,' असं सांगायचं?

गावात एक वृद्ध गुरुजी होते. बर्णबा गुरुजी. सारी हयात त्यांनी मंडळीची सेवा केली होती. आता डोळे अधू झाले होते, पण जीभ तेवढीच तल्लख होती. प्रचारकांच्या शिक्षणाला कुणाला पाठवायचं, हे त्या भागात त्यांच्याच शब्दावर ठरे. शीलास दर रविवारी दुपारी त्यांच्यापाशी बसून शिकू लागला. शास्त्र शिकला, गीतं शिकला, आणि प्रार्थना करायला तर असा शिकला, की विचारू नका! पूर्वी पंगतीत तो दोन वाक्यांत उरकत असे. आता त्याची प्रार्थना यरुशलेमेहून निघे, समुद्रापलीकडचे सगळे देश पालथे घाली आणि सावकाश आपल्या तालुक्याच्या गावी येऊन पोहोचे. तोवर मुली एक डोळा मिटून आणि एक डोळा आमटीवर ठेवून बसलेल्या असत. आमटीवर साय धरे.

शेवटी एका रविवारी त्यानं धीर करून विचारलंच. "गुरुजी, या वर्षी माझं नाव सुचवाल का? आईचा शब्द माझ्या डोक्यावर आहे. मला झोप लागत नाही."

गुरुजींनी अधू डोळ्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "शनिवारी दुपारी बोर्डिंगात जेवायला येतो. उत्तर तिथेच देईन."

शीलासला वाटलं, ही परीक्षा. आणि परीक्षा कसली, हे त्यानं मनाशीच ठरवून टाकलं.

शनिवारी त्यानं भाकऱ्या भल्या सकाळीच थापून दुरडीत रचून ठेवल्या, म्हणजे नंतर हात मोकळे. आमटी चुलीवर चढवली आणि तो कोठीत शिरला. दार लोटून, ज्वारीच्या पोत्यांसमोर उभा राहून तो प्रार्थनेचा सराव करू लागला. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, 'हे करुणासागरा' कितीदा म्हणायचं. आजारी आणि पीडित यांच्यापर्यंत तो आला आणि त्याच्या नाकाला वास लागला. धावत जाऊन पाहतो तो आमटी बुडाशी लागलेली. त्यानं वरची आमटी तेवढी दुसऱ्या पातेल्यात ओतली, मूठभर कोथिंबीर पसरली आणि स्वतःची समजूत घातली, "आज आमटीकडे कोण बघतंय?"

दुपारी गुरुजी काठी टेकत आले. मेट्रन एस्तेरबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. "सलाम, गुरुजी. इथे बसा." पण गुरुजी सरळ जाऊन पंगतीत मुलींच्या मध्ये मांडी घालून बसले. ताटं वाढून झाली. शीलासनं हात पुसले, पंगतीच्या टोकाशी उभा राहिला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आणि खरं सांगायचं तर प्रार्थना झकास चालली होती. शब्द कसे ओघळत होते. यरुशलेम झालं, राजे-अधिकारी झाले, प्रवासातले झाले. मग गळा दाटून आणून तो म्हणाला, "हे पित्या, या जगात जे कोणी भुकेले आहेत, त्यांच्याकडे दृष्टी लाव..."

कडक्!

भाकरी मोडल्याचा आवाज. पाठोपाठ आमटीचा भुरका.

शीलासला वाटलं, कुणी तरी अवखळ पोर असेल. त्यानं आवाज आणखी चढवला. पुन्हा कडक्, पुन्हा भुरका. एस्तेरबाई खोकल्या. पंगतीत खुसखुस सुरू झाली. तेव्हा त्यानं हळूच एक डोळा उघडला आणि पाहतो तो काय! खुद्द बर्णबा गुरुजी जेवत होते! ज्यांनी गावातल्या तीन पिढ्यांना 'आमेन म्हटल्याशिवाय घासाला हात लावू नये' हे शिकवलं, ते गुरुजी, सगळी मंडळी डोळे मिटून बसलेली असताना, शांतपणे भाकरी चावत होते.

शीलासनं प्रार्थना तिथेच सोडली. त्यानं कसंबसं आमेन म्हटलं.

गुरुजींनी मान वर केली नाही. ताट पुसून स्वच्छ केलं आणि म्हणाले, "अजून एक भाकरी वाढ."

भाकरी वाढताना शीलासची नजर त्यांच्या ताटापाशी खिळली, आणि तिथून ती शेजारच्या ताटांकडे गेली. मुली भाकरीचा मऊ भाग तेवढा आमटीत बुडवून खात होत्या आणि वाळून कडक झालेल्या कडा मुकाट्यानं ताटाखाली सरकवत होत्या. इतक्या सराईतपणे, की ही आजची गोष्ट नव्हे, हे आंधळ्यालाही कळावं. रविवारचं शिकणं सुरू झाल्यापासून तो भाकऱ्या सकाळीच उरकत आला होता. पंगतीसमोर तो रोज उभा राहत होता. पण डोळे मिटून.

जेवणं झाली, मुली हात धुवायला गेल्या. गुरुजी उठून चुलीपाशी आले आणि पाटावर बसले. शीलासच्या मनात राग होता, लाज होती आणि सगळ्यांत जास्त दुःख होतं.

"गुरुजी, माझं नाव सुचवायचं नव्हतं तर घरीच नाही म्हणायचं होतं," तो म्हणाला. "चारचौघांत माझी शोभा का केलीत? मी प्रार्थना करत होतो आणि तुम्ही ऐकलीसुद्धा नाहीत."

"ऐकली नाही कशी?" गुरुजी म्हणाले. "अरे, मी तुझी प्रार्थनाच तर जेवत होतो. जरा करपली होती."

शीलास खाली बसला.

गुरुजींचा आवाज मऊ झाला. "हे बघ बाळ. तू म्हणालास, 'भुकेल्यांकडे दृष्टी लाव.' मी डोळे उघडून पाहिलं. माझ्या दोन्ही बाजूंना भुकेली लेकरं, त्यांच्या पुढ्यात अन्न. म्हणजे तू मागायच्या आधीच प्रभूनं दृष्टी लावली होती आणि त्या कामासाठी माणूसही नेमला होता. तो माणूसच मध्ये उभा राहून ताट निववत होता. प्रार्थना ओठांवर असते तशी हातांतही असते. तुझ्या ओठांवरची आज उत्तम झाली, पण हातांतली चुलीवर जळत होती. देवाला दोन्ही ऐकू येतात, आणि या पोरींना दुसरीच आधी कळते."

शीलासनं चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढलं. मग त्याचा बांध फुटला. "पण आईचा शब्द, गुरुजी? तिनं मला देवाच्या कामाला वाहिलं होतं. मी तो शब्द मोडला ना?"

"मी होतो त्या दिवशी तिथे," गुरुजी म्हणाले. "तिनं तुला देवाच्या हाती दिलं. देवानं तुला कुठे ठेवावं, हे काही तिनं त्याला सांगितलं नाही. शहाणी होती ती. असं बघ, पाहुणा आला तर आपण त्याला पुढच्या खोलीत बसवतो, मान देतो. घरचं माणूस मात्र सरळ आत येतं, थेट चुलीपाशी. प्रभूनं तुला आत घेतलं आणि तू पुढच्या खोलीतली खुर्ची मागत रडतो आहेस!"

रडू आलेलं असतानाही शीलासला हसू फुटलं.

"तरी तुला जायचंच असेल तर मी आडवा येणार नाही," काठीवर जोर देऊन उठत गुरुजी म्हणाले. "प्रचारकही हवेतच. पुढच्या शनिवारी विचार, मी आनंदानं तुझं नाव सुचवीन. पण इथून पळायचं म्हणून जाऊ नकोस. ज्याला इथे चुलीपाशी देव सापडत नाही, त्याला तो व्यासपीठावरही चुकवून जाईल."

ते गेले. शीलासनं करपलेलं पातेलं पुढ्यात ओढलं आणि राखेनं घासायला घेतलं. बूड पांढरं स्वच्छ दिसेपर्यंत तो घासत राहिला.

पुढच्या शनिवारी त्यानं सकाळी भाकऱ्या केल्या नाहीत. मुलींची शाळेतून यायची वेळ झाली तेव्हा चूल पेटवली, ऊन पाण्यात पीठ मळलं आणि पहिला गोळा परातीत थापायला घेतला. थापता थापता, कसं कोण जाणे, त्याला पंगतीतली पहिली पोर आठवली. शेवंता. गेला आठवडाभर खोकत होती. 'प्रभू, शेवंताला बरं वाटू दे,' त्याचे ओठ हलले. भाकरी तव्यावर पडली, टम्म फुगली. दुसरा गोळा. रूथ, गणितात नापास झालेली. तिसरा गोळा. जनाबाई, जिच्या आईचा बऱ्याच दिवसांत निरोप नव्हता. हात चालत होते, ओठ हलत होते, दुरडीतून वाफ येत होती.

एस्तेरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्यांनी बघितलं आणि विचारलं, "काय मोजताय, शीलासभाऊ? किती झाल्या?"

शीलासचा हात परातीतच थांबला. हाच प्रश्न त्यानं लहानपणी याच दारात उभं राहून कितीदा तरी विचारला होता. आई भाकऱ्या थापताना ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत असे, आणि त्याला वाटे, शाळा न शिकलेली बाई, हिशेब चुकू नये म्हणून मोजत असेल. "आई, किती झाल्या?" तो विचारी. ती हसून म्हणे, "झाल्या नाहीत अजून. पुष्कळ पोरी राहिल्यात."

भाकऱ्या राहिल्यात, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. पोरी राहिल्यात, असंच म्हणत असे.

त्यानं मनगटानं डोळे पुसले. धूर होताच, त्यामुळे एस्तेरबाईंना काही वेगळं वाटलं नाही.

"झाल्या नाहीत अजून, बाई," तो म्हणाला. "पुष्कळ पोरी राहिल्यात."

दुपारी गुरुजी पुन्हा पंगतीत येऊन बसले, शीलास काय विचारतो ते ऐकायला. शीलासनं त्यांना काहीच विचारलं नाही. ताटं वाढली, टोकाशी उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "प्रभू, या अन्नासाठी आणि या लेकरांसाठी तुझे आभार. आमेन."

चाळीसेक मुली सवयीनं डोळे मिटूनच बसल्या होत्या. यरुशलेमची वाट बघत. नियमाप्रमाणे आमेन ऐकून पहिला घास उचलला तो गुरुजींनीच.

"अगं पोरींनो, झाली प्रार्थना," शीलास हसत म्हणाला. "जेवा आता. गरम आहे."