भुऱ्याचे नियम

कुत्र्यांनी मेंढरं राखायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या एका कळपात भुऱ्या नावाचा मुख्य कुत्रा होता. हुशार तर असा, की विचारू नका! त्याने नियमच घालून दिले. लांडगा दिसला, की आधी दोनदा भुंकायचं, मग शेपटीने दिशा दाखवायची, मग गुरगुरून लांडगे किती ते कळवायचं आणि भुऱ्याने मान हलवली, की मगच धावायचं. बिचारी कुत्री दिवसभर हेच घोकत बसायची. कळपातली कोकरं मात्र कमी होत चालली होती.

एकदा दिवस कलताना बोरीच्या झुडपामागून लांडगा निघाला! झिपरी नावाच्या कुत्रीने त्याला पाहिलं. ती दोनदा भुंकली आणि गोंधळली. आता शेपूट आधी, की गुरगुरणं? तेवढ्यात लांडग्याने कोकरू धरलंसुद्धा!

"अगं बाई, धाव ना!" कोकराच्या आईने हंबरडा फोडला.

झिपरी सगळे नियम विसरली. "भो!" करून ती सुसाट सुटली. तिच्या मागोमाग सगळी कुत्री धुरळा उडवत धावली. लांडग्याने कोकरू टाकलं आणि धूम ठोकली!

भुऱ्या धापा टाकत आला. "मला न विचारता कशी धावलात?" तो ओरडला. पण ऐकतंय कोण? सगळी कोकराला चाटत होती.

तिकडे गुहेत लांडगा पिल्लांना बजावत होता, "त्या कळपाकडे आता फिरकायचं नाही, पोरांनो. तिथली कुत्री कुत्र्यांसारखी वागायला लागलीत!"