पाखरी वहाणा

राजे बक्कळ होते आणि रस्ते थोडे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरात एक राज्य होतं. तिथली जमीन सगळी खडकाळ, आणि लोकांना वेड आट्यापाट्यांचं. म्हणून तिथं हा खेळ अनवाणी नाही, वहाणा घालून खेळत.

त्या राज्यात एक खेळाडू होऊन गेला. पाटी अडवणाऱ्याला अशी हुलकावणी द्यायचा की लोक त्याला पाखरूच म्हणत. त्याच्या वहाणांना लाल वेणी असे आणि टाचेला उंच पट्टा. पुढे पाखरू थकलं, वारलं, आणि ज्या कारागिराच्या हातच्या त्या वहाणा होत्या, त्यानंही त्या करायचं सोडून दिलं.

आता माणसाचं मन बघा कसं असतं. होत्या तेव्हा कुणी वळून पाहिलं नाही. नाहीशा झाल्यावर मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी पाखरी वहाणा. शेवटी राजानंच कारागिराला विनवलं, "बाबा, पुन्हा करा." म्हातारा सुखावला. म्हणाला, "करतो. मैदानावर पुन्हा दिसतील तरी."

विकायचं काम पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं अंगावर घेतलं. तो म्हणाला, "जत्रेला थोड्याच बाहेर काढू. सगळ्यांना मिळाल्या तर हव्याशा कुणाला वाटतील?" म्हाताऱ्याला हे रुचलं नाही. पण तसलं चिवट चामडंही फारसं मिळत नव्हतं, म्हणून तो गप्प बसला.

मग काय विचारता. जत्रा उद्या असायची आणि लोक आजच दुकानापुढे पथारी टाकून बसायचे. एरवी शहाणीसुरती असलेली माणसं एकमेकांना कोपरं मारायची. ज्याला जोड मिळाला तो लढाई मारल्यासारखा घरी जाई. ज्याला नाही मिळाला तो वर्षभर हळहळे. आणि मिळालेला जोड कुणी पायात घालायचं नाही हं. तो जायचा पेटीत. पाहुणे आले की झाकण उघडायचं, दाखवायचं, आणि पुन्हा बंद.

भिवाजी कोष्टी त्यातलाच. त्याला हसू नका. लहानपणी त्यानं बापाच्या खांद्यावर बसून पाखराचा खेळ पाहिला होता, आणि ते त्याच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही. कितीतरी जत्रांतून हात हलवत परत आल्यावर एकदाचा त्याला जोड मिळाला. माप बघायचंही त्याला सुचलं नाही. घरी येऊन पाहतो तर त्याची टाच बाहेर. तरी बिचारा रडला, आनंदानं. स्वतःच्या मागावरच्या मऊ कापडात त्यानं त्या वहाणा गुंडाळून ठेवल्या.

त्याची मुलगी रंगू आट्यापाट्या खेळायची. चांगली खेळायची. तिच्या वहाणांचे तळ पार गेले होते. एकदा बाप घरी नसताना तिनं पेटीतल्या वहाणा पायात घालून पाहिल्या. अगदी बेतून केल्यासारख्या बसल्या.

"आबा, मला द्या ना त्या," ती म्हणाली.

"खुळी का तू? खराब होतील."

"वहाणाच आहेत, आबा."

"तसल्या पुन्हा मिळायच्या नाहीत," भिवाजी म्हणाला, आणि त्यानं पेटीला कुलूप घातलं.

त्या राज्यात एक रीत होती. नवी वहाण एक हंगाम वापरली की कारागिराकडे झीज दाखवायला न्यायची. तो तळ बघून पाय कुठं जोरात पडतो ते ओळखायचा, टाके नीट करायचा आणि चामड्याला तेल पाजायचा. म्हातारा दर हंगामाच्या शेवटी दारात तेलाची वाटी घेऊन बसे. पाखरी वहाणांचा एकही जोड त्याच्याकडे आला नाही.

वर्षं गेली. एका वर्षी राज्याच्या संघात रंगूची निवड झाली. कोष्ट्यांच्या आळीतून आजवर कुणाचीच झाली नव्हती. शेजारच्या राज्याशी सामना, सगळं राज्य बघायला लोटलेलं, आणि मैदानात उतरायच्या वेळी तिच्या जुन्या वहाणेचा तळच निखळला. लेकीचा चेहरा बघून भिवाजीला राहवलं नाही. तो धावत घरी गेला आणि कापडातून वहाणा काढून घेऊन आला.

रंगूनं त्या घातल्या. लाल वेणी बघून लोक उठून उभे राहिले. म्हातारा कारागीर कडेला बसला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली पाटी तिनं अशी ओलांडली की क्षणभर सगळ्यांना पाखरूच दिसलं. दुसऱ्या पाटीवर तिनं हुलकावणी दिली, गर्रकन वळली, आणि वहाणेचा तळ मधोमध तडकला. पाय मुरगळून ती खडकावर पडली.

म्हातारा लगबगीनं आला. त्यानं वहाण हातात घेऊन वाकवली, तर पापडासारखा तुकडा पडला.

"झीज दाखवायला का नाही आणल्यास?" त्यानं भिवाजीला विचारलं.

"झीजच नव्हती बाबा. काय दाखवणार?"

"अरे, पायाचा घाम नाही, तेल नाही. चामडं जगणार कशावर?"

हे ऐकून लोक घरोघरी पळाले. पेट्या उघडल्या. सगळ्यांचे जोड तसेच, वरून नवे कोरे आणि आतून मेलेले. लोक म्हाताऱ्याकडे परत आले, की आणखी करून द्या. त्यानं आपले कापरे हात पुढे केले. आरी आता त्या हातांत ठरत नव्हती. पाखरी वहाणा त्या राज्यात पुन्हा झाल्या नाहीत.

रंगूचा पाय बरा झाला. चालायला झाला, पळायला नाही. भिवाजी तिच्या उशाशी बसून म्हणाला, "पोरी, चांगल्या वेळेला म्हणून जपून ठेवल्या होत्या गं."

"आबा," ती म्हणाली, "मी तर रोजच खेळत होते."



म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: जी वस्तू आपल्या माणसाला गरजेच्या वेळी दिली नाही, ती आपण जपली नाही, नुसती अडवून ठेवली.