मांजर आलं तेव्हा

फार पूर्वी, उंदीर शाळेत जात त्या काळी, एका पिठाच्या गिरणीत त्यांचा वर्ग भरे. भुरके गुरुजी तिथे एकच विषय शिकवत: मांजर. पिंगी नावाची उंदरी वर्गात नेहमी पहिली. "मांजरास मिशा असतात. डोळे हिरवे असतात. पावले मऊ असतात," असं ती डोळे मिटून एका दमात म्हणे. ढब्बूला मात्र मिशांनंतर काही आठवत नसे. गुरुजी त्याला कोपऱ्यात उभं करत, आणि तो तिथून गिरणीवाल्याचं काम बघत राही.

एके दिवशी खरंच मांजर आलं.

पिंगीला कोण आनंद! "गुरुजी, मिशा! डोळे हिरवे! अगदी पाठात आहे तसं!"

"शा... शाब्बास," गुरुजी मागे सरत म्हणाले. मांजर आणखी पुढे सरकलं.

मिरची दळताना गिरणीवाला शिंकत शिंकत बाहेर पळतो, हे ढब्बूने कैकदा पाहिलं होतं. तो फळीवर चढला आणि तिखटाचा डबा ढकलून त्याने मांजरापुढे पाडला. लाल धुरळा उडाला. मांजर एवढं शिंकलं, की उंबऱ्याला दोनदा आपटून कसंबसं बाहेर पळालं. वर्गही संध्याकाळपर्यंत शिंकत होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ढब्बूला पुढे बसवलं आणि परीक्षेत एकच प्रश्न घातला: 'मांजर आलं आणि गिरणीत तिखट नसलं, तर काय कराल?'

ढब्बू इकडेतिकडे बघत विचारात पडला.

पिंगीने हात वर केला. "गुरुजी, उत्तर किती ओळींत लिहायचं?"