उंबरठ्याला ऐकू जाईल असे

एका राज्यात राजवाड्याचा उंबरठा जागता होता. चोपदाराने खड्या आवाजात "कोण आहे?" असे विचारले, की येणाऱ्याला आपले खरे नाव सांगावेच लागे. प्रश्न उंबरठ्याला ऐकू गेला पाहिजे, एवढीच अट.

चोपदार होता खेमाजी. मिशा भरघोस, काठी चांदीची, जीव मात्र चिमणीएवढा. एके दिवशी काळ्या कफनीतला मांत्रिक दारात आला. त्याच्या डोळ्यांना पापण्या नव्हत्या. खेमाजीने प्रश्न विचारला खरा, पण इतका भीतभीत, की तो मिशांतच अडकला. मांत्रिक हसला नि सरळ आत गेला. दरबारात त्याने टाळी वाजवली, तशी राजा अंबरकेतू सिंहासनावर दगड झाला. राजावर चवरी ढाळणारी खेमाजीची लेक केवडा, तीही चवरीसकट दगड झाली.

खेमाजी ऊर बडवून रडू लागला. तेव्हा कमानीवरची साळुंकी बोलली, "चोपदार, तुमचा प्रश्न अजून राहिला आहे. उंबरठ्यावरून तीन वेळा विचारता येईल. खरे नाव तोंडून निघाले, की मांत्रिकाची विद्या सुटते."

"आणि तिन्ही वेळा आवाज फुटला नाही तर?"

"तर लेक गेली."

खेमाजी उंबरठ्यावर उभा राहिला. पहिल्यांदा विचारू गेला, तो मांत्रिकाने त्याच्या काठीचा नाग केला. प्रश्न घशातच विरला. दुसऱ्यांदा मांत्रिक गोड बोलला, "गप्प राहा. सेनापती करतो." खेमाजी "नको" म्हणाला, तेही "महाराज" लावून, आणि प्रश्न नुसता पुटपुटला. उंबरठा ढिम्म.

मग मांत्रिकाने घण उचलला आणि केवडाच्या दगडी मनगटावर उगारला.

खेमाजीची भीती तसूभरही कमी झाली नव्हती. तरी तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "कोण आहे?"

झुंबरे किणकिणली. उंबरठा कडाडला. मांत्रिकाने दोन्ही हातांनी तोंड दाबले, तरी नाव बाहेर आलेच, "चिलट्या!"

रिकामी कफनी खाली पडली आणि एक चिलट खिडकीतून उडून गेले. राजाने डोळे चोळले. नागाची पुन्हा काठी झाली. केवडाने अर्धवट राहिलेली चवरी ढाळली नि ती म्हणाली, "आबा, केवढ्याने ओरडता!" आबा मटकन उंबरठ्यावरच बसले आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी राजा शिकारीहून परतला. दारात चांदीची काठी आडवी झाली.

"को... कोण आहे?"

आवाज कापत होता, पण उंबरठ्यापर्यंत पोहोचला. राजा थांबला. त्याने आपले नाव सांगितले, आणि मगच तो आपल्या घरात गेला.