घरच्या कवचावरचा पाय

सांगलीच्या कुमुदिनीनं शेडमध्ये स्वतःच्या हातांनी मोटार बांधली, पण तपासणीचे घाटगेसाहेब ती पास करेनात. पहिल्या खेपेला म्हणाले, "दाराखालचा सायलेन्सर उघडा आहे, उतरणाऱ्याचा पाय भाजेल. वर कवच बसवा."

बरोबरच होतं ते. तिनं पत्रा ठोकून, आत जाड अस्तर घालून कवच बसवलं. तर आता साहेबांचं नवीनच, "घरी ठोकलेलं चालणार नाही, बाई. कंपनीचं आणा."

कुमुदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घरी बांधलेल्या गाडीचं कवच कुठली कंपनी बनवते, साहेब?"

"उलट बोलू नका! इंजिन चालू राहू द्या, मी अजून तपासतोय."

असं म्हणून साहेबांनी सवयीनं एका पायातली चप्पल काढली, अनवाणी पाय ऐटीत त्या कवचावरच टेकवला आणि घरगुती कामाला दर्जा कसा नसतो यावर भाषण सुरू केलं. इंजिन धडधडत होतं, सायलेन्सर तापत होता, भाषण काही संपत नव्हतं.

शेवटी कुमुदिनी म्हणाली, "साहेब, पाय भाजत असेल तर खाली घ्या. भाजत नसेल तर गाडी पास करा."