मंजुरीच्या रांगेतली माणसे

एकदा एका वृद्धाने, जाळी विणणाऱ्या कोळ्यांचे वेड असलेल्यांसाठी एक घर बांधले. विटांचे नव्हे, इंटरनेटवरचे. अंगणात, माळ्यावर, कुंपणात कोळी शोधणाऱ्यांनी फोटो टाकावेत, नावे विचारावीत, असा तो मंच. नियम एकच आणि कडक: कोळ्याचे कुल त्याच्या डोळ्यांच्या मांडणीवरून ठरते, म्हणून डोळे दिसत नसतील तो फोटो मंजूर होणार नाही. मंजुरीची किल्ली वृद्धाने कुणाला दिली नाही. वडीलधाऱ्यांचे असेच असते; काम वाटतात, किल्ली कमरेलाच.

मंचावरची दिसणारी कामे त्याचा शिष्य तीन वर्षे करीत होता. मंचाला अकरा वर्षे झाली तेव्हा वृद्ध म्हणाला, "माझ्याने आता होत नाही. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी बंद करून टाकू."

शिष्य उसळला. "बंद? सर, एवढा सभ्य मंच दुसरा दाखवा मला. एक शिवी नाही, एक भांडण नाही. माझ्या हाती द्या, मी आहे तस्सा चालवतो."

"आहे तस्सा?" वृद्धाने विचारले. "मग आठ दिवस नवा सभासद होऊन राहा. दुसरे नाव घे. फोटो पाठीवरून काढ, नवखे काढतात तसा. मग ये."

म्हाताऱ्याचे चाळे, असे मनात म्हणत शिष्याने ते केले. फोटो मंचावर दिसला; सरांनी मुद्दाम मंजूर केला असेल, असे त्याला वाटले. खाली कुणी काही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "कुणाला ओळखू येतोय का?" प्रश्न दिसला, उत्तर नाही. मग तो इतरांच्या गप्पांत शिरला. ही माणसे त्याच्या रोजच्या ओळखीची, पण त्याच्या वाक्याच्या वर आणि खाली ती आपापसांत बोलत राहिली, मध्ये कुणी नसल्यासारखी. पाचव्या दिवशी त्याने मुद्दाम चुकीची माहिती लिहिली. कुणी खोडली नाही. सातव्या दिवशी त्याने सर्वांना आईवरून शिवी दिली. शिवीखाली एक गृहस्थ शांतपणे उडी मारणाऱ्या कोळ्याचे कौतुक करीत होते. जणू आपण मेलो आहोत आणि कुणी आपल्याला कळवलेच नाही, असे त्याला वाटले.

आठव्या दिवशी तो वृद्धाकडे धावला. वृद्धाने आपला संगणक त्याच्याकडे वळवला. मंचावर त्याचे एकही अक्षर नव्हते.

"पहिला फोटो नामंजूर झाला की त्या माणसाचे पुढचे सगळे रांगेत अडकते, आणि ते लिहिणाऱ्याला दिसते," वृद्ध म्हणाला. "फक्त त्यालाच. त्याला वाटते, सर्वांना दिसतेय. मीच ठेवली तशी सोय."

"अशी किती माणसे आहेत?"

"मंचावर बोलतात ते चारशे. रांगेत दोन हजार."

"आणि त्यांना कळवले का नाही?"

"कळवले असते तर भांडले असते." वृद्धाचा आवाज बारीक झाला. "मला वाटले, मी शिस्त लावली. मी फक्त माणसे ऐकू येईनाशी केली. त्यातली बहुतेक गेली. काही अजून लिहितात, आणि ते वाचण्याची मला भीती वाटते, म्हणून बंद करायचे होते. तू म्हणालास, आहे तस्सा चालवतो. तेव्हा कळले, भीतीसुद्धा तुझ्या पदरात टाकून मी मोकळा होणार होतो. मंच ठेवायचा की मोडायचा हे त्यानेच ठरवावे, जो त्या अंधारात राहून आला आहे."

"मी आठ दिवस राहिलो. तुम्ही एक तरी दिवस राहिलात, सर?"

वृद्धाने मंजुरीची किल्ली पुढे केली.

शिष्याने रांग उघडली. वाशिमच्या कुसुम इंगोले नावाच्या बाई नऊ वर्षे लिहीत होत्या. पहिला फोटो न्हाणीघरातल्या कोळिणीचा, पाठीवरून काढलेला: "पोटाखाली पांढरी चकती घेऊन बसली आहे. अंडी असतील का?" त्यानंतर जवळपास रोजचे काही ना काही. सर्वांत वरचे त्याच सकाळचे: "तुम्ही सगळी फार शांत माणसे आहात. कुणी टोकत नाही. मला तुमच्यात बरे वाटते."

शिष्याने संगणक वृद्धापुढे सरकवला. "लिहा. तुमच्याच नावाने."

"त्या बाईचा आधार तुटेल रे."

"तो आधार नाही, सर, भिंत आहे. लिहा."

वृद्धाने लिहिले, "कुसुमताई, तुमचे लिखाण आजवर कुणालाच दिसले नाही. दोष सर्वस्वी माझा."

थोड्या वेळाने कुसुमताईंची अक्षरे उमटली:

"आता तरी कुणाला दिसतेय का?"

"मला दिसतेय," शिष्याने लिहिले. "आणि हो, ती अंडीच होती."

ठरलेल्या रविवारी मंच बंद झाला नाही. रांग मोकळी झाली, आणि संध्याकाळपर्यंत मंचावर सतरा भांडणे पेटली. बहुतेक वृद्धाला शिव्या घालणारी. वृद्ध एकेक वाचत बसला. शिष्याने त्यातले एकही पुसले नाही.

ज्या घरात कधीच भांडण होत नाही, त्याच्या दाराला बाहेरून कडी आहे का, हे आधी पाहावे.